दगडाचं तोंड

पडलेला दगड दिसला की तो जागेवर ठेवल्याशिवाय मला राहवत नाही. खोड आजोबांची. मे महिना संपत आला की ते गडग्याच्या, म्हणजे रचलेल्या दगडी कुंपणाच्या, कडेकडेनं फिरायचे. गुरांनी, माकडांनी आणि मुख्यतः आम्ही पोरांनी पाडलेले दगड उचलायचे, हातात फिरवायचे. ‘आधी तोंड बघ त्याचं.’ तोंड बाहेर, पोटात बारक्या चिपा. चुना नाही, माती नाही. दगड बसला नाही तर शिव्या खायचा; त्याच्याबरोबर आम्हीही.

गेल्या रविवारी दुपारी जोहान्सबर्गच्या दक्षिणेला, सुइकरबॉसरँडच्या राखीव रानात आम्ही गेलो होतो. (फोनवर आईला सांगताना या नावाचं शेपूट मी गिळते.) गुडघाभर गवतात चक्क गडगा! दोन्ही अंगांना निवडलेले दगड, मधे भर. हे त्स्वाना लोकांचं जुनं, उजाड शहर, क्वेनेंग. गोठे मधोमध, भोवती घरांची खळी, म्हणजे अंगणं. त्यांच्याकडे खळ्याला लोलवापा म्हणतात. गुरं आणायच्या वाटेला दोहोंकडून भिंती. पाणंदच की ही! विमानातून लेझर सोडून पाहिलं तेव्हा अशी 800 हून जास्त घरं सापडली. गोठा मधे आणि माणसं कडेला, हे आजोबांना फार पटलं असतं.

पश्चिमेला झीरस्टजवळ काडित्श्वेने नावाचं असंच आणखी एक शहर होतं. 1820 साली जॉन कॅम्पबेल हा मिशनरी तिथे गेला, तेव्हा तिथली वस्ती त्या काळच्या केप टाउनच्या तोडीची होती. पुढच्या दोन-चार वर्षांत लढायांच्या धुमाळीत ते उठलं. मग गोरे शेतकरी आले आणि त्यांना हा मुलूख रिकामा दिसला. रिकामा! एवढे गडगे डोळ्यांसमोर असताना.

पायाशी एक दगड पडला होता. उचललाच. ‘अगो, ठेव तो! हात लावायचा नसतो इथे,’ नवरा ओरडला. खरंच होतं त्याचं. भिंतीत मात्र बरोब्बर त्याच्याच मापाची खाच दिसत होती, आणि माझी बोटं त्याचं तोंड शोधत होती.

गवतात जिथे पिवळा चट्टा पडला होता, तिथेच परत ठेवला. तोंड वर केलं की खाली, आता आठवत नाही.