सायकलला धडक बसली तर पैसे कोण देणार?

सायकलला विमा सक्तीचा नाही, पण तुम्हाला उडवणाऱ्या गाडीला आहे. मोटार वाहन कायद्यानुसार सायकलस्वार 'थर्ड पार्टी' ठरतो, म्हणजे गाडीमालक आणि विमा कंपनी सोडून तिसरा. त्यामुळे भरपाई मागायची ती त्या गाडीच्या विमा कंपनीकडे, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणामार्फत.

म्हणून सगळ्यात आधी गाडीचा नंबर. फोटो काढा, जमलं नाही तर मोठ्याने म्हणून कुणालातरी लिहून घ्यायला सांगा. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर त्या नंबरावरून विम्याची मुदत कळते. मोडकी सायकल पंचनाम्याआधी दुरुस्तीला टाकू नका. दवाखान्यात 'पडलो' असं मोघम सांगू नका, 'वाहनाची धडक' अशी नोंद करून घ्या. दावे बहुतेक इथेच लंगडे पडतात. जागेवर हजार-दोन हजारांत मिटवणं तर सगळ्यात महागात पडतं. आतला मार दुसऱ्या दिवशी कळतो.

गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूसाठी २ लाख, गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. अर्ज प्रांताधिकारी किंवा तहसीलदारांकडे.

स्वतःच्याच चुकीने पडलात तर यातलं काहीच लागू नाही. त्यासाठी वैयक्तिक अपघात विमा घ्या, आणि शर्यतीतली दुखापत वगळणारा अपवाद वाचूनच सही करा.