सेकंदकाटा आणि लोकरीचा गुंडा: फोनच्या अंधारातल्या एक्स्पोजरच्या नोंदी

अकरा रात्री झाल्या. टेबल तेच, फोन तोच, दृश्यही तेच: लोकरीचा एक गुंडा, बारीक छपाईचं एक पान, करडं कार्ड आणि भिंतीवरून काढून उभं ठेवलेलं घड्याळ. उजेडासाठी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड केलेला टेबललॅम्प. पान वाचता येईल, पण डोळे ताणून, इतपतच.

सुरुवात झाली ती एका शंकेवरून. नाईट मोडचे (अंधारासाठी अनेक फोटो जोडून एक उजळ फोटो बनवणाऱ्या सोयीचे) फोटो हातातल्या स्क्रीनवर छान उजळ दिसत होते, आणि मोठे करून पाहिले की लोकरीचे तंतू गायब, सगळं मेणचट. उजेड जर खरंच मिळाला असेल, तर तंतू गेले कुठे?

फोनच्या हातात मुळात काय आहे, ते आधी मांडून घेतलं. ॲपर्चर, म्हणजे भिंगातून प्रकाश आत येण्याचं छिद्र, बहुतेक फोनमध्ये कायमचं ठरलेलं असतं. सॅमसंगने २०१८ च्या गॅलेक्सी एस९ मध्ये एफ/१.५ आणि एफ/२.४ अशी दोन ॲपर्चर (आकडा लहान, तर छिद्र मोठं) दिली होती, पण तो अपवाद. माझ्या फोनचं एफ/१.८, ते हलत नाही. मग उरतं शटर (प्रकाश किती वेळ घ्यायचा), आयएसओ आणि किती फ्रेम, म्हणजे सुटे फोटो, एकत्र करायच्या तो आकडा. यातलं आयएसओ प्रकाश आणत नाही, आलेल्या सिग्नलला फक्त मोठं करतं. हे वाचलेलं होतं, पण डोळ्यांनी पाहायचं होतं.

रात्र १
फ्रेमभर काळं कापड. ऑटोवर फोटो आला राखाडी. मीटरला, म्हणजे फोनच्या उजेड मोजणाऱ्या यंत्रणेला, कापड काळं आहे हे कळत नाही, तो दृश्याची सरासरी मध्यम करड्याकडे ओढतो. त्यासाठी फोनने शटर १/१० सेकंदापर्यंत लांबवलं आणि उरलेली कसर आयएसओ वाढवून भरून काढली. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सेटिंग) उणे दीडवर नेल्यावर कापड काळं झालं. यात नवीन काही नाही, पण पुढच्या सगळ्या चाचण्या मॅन्युअलवर करायचं इथेच ठरलं.

रात्र ३
आतापर्यंतची सगळ्यात मोलाची रात्र. ट्रायपॉड, रॉ फाइल (फोनने प्रक्रिया न केलेलं, सेन्सरने टिपलं तसं चित्र), शटर दोन्ही वेळा १/१०. एक फोटो आयएसओ ३२०० वर, दुसरा ४०० वर. दुसरा अर्थातच काळाकुट्ट. तो संगणकावर तीन स्टॉप, म्हणजे आठपट, उजळ केला आणि दोन्ही शेजारी ठेवून लोकर दुप्पट मोठी करून पाहिली. जवळजवळ सारखीच! तोच एक सुटलेला तंतू दोन्हींत तितकाच दिसत होता, तेवढाच दाणेदार. गुंड्याखालच्या गडद सावलीत मात्र ४०० वाल्या फोटोत किंचित जास्त नॉईज (दाणे) आणि पुसट आडव्या रेघा होत्या. ती सेन्सरच्या इलेक्ट्रॉनिक्सची स्वतःची भर, रीड नॉईज. आयएसओ चढवण्याचा फायदा असतो तो एवढ्या कोपऱ्यापुरताच.

उलट बाजूला नुकसान मोठं. भिंतीवर लॅम्पचा जो थेट डाग पडतो, तो ३२०० वर सपाट पांढरा झाला होता. ४०० वर त्यात भिंतीचा खरबरीतपणा शाबूत होता. तेव्हापासून अंधारात मी कॉम्पेन्सेशन सरसकट थोडं उणे ठेवतो. सावली मागाहून उचलता येते, जळालेला हायलाइट, म्हणजे सपाट पांढरा झालेला उजळ भाग, परत येत नाही.

राहिलेला नॉईज येतो कुठून? प्रकाशातूनच. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात. एका पिक्सेलवर सरासरी १०० पडत असतील, तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के. १०,००० पडले तर चढउतार १०० चा, म्हणजे अवघा १ टक्का. वर्गमुळाचा हा हिशोब कुठल्याही सॉफ्टवेअरला चुकवता येत नाही. सॉफ्टवेअर दाणे पुसू शकतं, पण त्यांच्याबरोबर तंतूही पुसले जातात. मेणचटपणाचा उगम हाच.

रात्र ५
मॅन्युअलवर सलग १६ रॉ फ्रेम काढून त्यांची सरासरी घेतली. वर्गमूळ ४, म्हणून करड्या कार्डावरचा नॉईज चौपट कमी व्हायला हवा. झाला जरा कमीच, कारण सेन्सरचे काही डाग प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी असतात आणि सरासरीने जात नाहीत. पण लोकर! नॉईज रिडक्शनचा हातही न लावता तंतू वेगवेगळे मोजता येत होते. त्या फाइलकडे मी बराच वेळ बघत बसलो.

फोन आतून हेच करतो. गूगलने २०१३ मध्ये नेक्सस फोनवर एचडीआर प्लस आणलं, त्यात मुद्दाम कमी एक्स्पोज केलेल्या सारख्याच फ्रेम घेऊन त्या जुळवायच्या आणि मिसळायच्या. २०१८ च्या नाईट साइटमध्ये (गूगलच्या नाईट मोडमध्ये) फ्रेम १५ पर्यंत गेल्या. हातात धरलेल्या फोनला एका फ्रेमसाठी फार तर सेकंदाचा तिसरा हिस्सा, आणि फोन स्थिर आहे असं कळलं तर पूर्ण एक सेकंद.

रात्र ६ आणि ७
माझा फोन हे कसं ठरवतो ते पकडायला घड्याळ कामाला आलं. एक्झिफमधला, म्हणजे फोटोबरोबर साठणाऱ्या माहितीतला, शटरचा आकडा एका फ्रेमचा की एकूण वेळेचा, हे प्रत्येक फोनचं वेगळं असू शकतं. सेकंदकाटा मात्र जे घडलं तेच दाखवतो. मॅन्युअलवर चार सेकंदांचं एकच एक्स्पोजर दिलं, तर टिकटिक उड्या मारणाऱ्या काट्याचा पंखा उमटला, फिकट काटे एकाशेजारी एक.

मग नाईट मोड, तितकाच वेळ. काटा एकच, चांगला रेखीव! आधी वाटलं, फोनने एकच फ्रेम वापरली असावी. पण तबकडी मोठी केल्यावर उलगडा झाला. काटा ज्या ज्या जागी सरकला होता, तेवढ्याच पाचरीएवढ्या तुकड्यात दाणे ठळक होते, बाकी तबकडी गुळगुळीत. फोनने एक फ्रेम मुख्य धरली आणि जिथे बाकीच्या फ्रेम तिच्याशी जुळेनात, तिथे त्या सोडून दिल्या. म्हणजे एकाच फोटोच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळा प्रकाश मिळालेला असतो. रात्री माणसांचे चेहरे मेणचट आणि मागची भिंत स्वच्छ का येते, त्याचं मोठं कारण हे आहे. भिंत हलत नाही.

सातव्या रात्री हातात आणि स्टँडवर अशी तुलना केली. उजळपणा दोन्हींचा डोळ्यांना सारखाच. लोकर मात्र स्टँडवर कितीतरी सरस. जायरोस्कोपला (फोनची हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरला) हालचाल जाणवली नाही की फ्रेमचा वेळ लांबतो आणि आयएसओ उतरतं. नुसतं टेबलावर कोपर टेकलं तरी माझ्या फोनचं आयएसओ निम्म्यावर येतं. स्टँडवर दोन सेकंदांचा टायमर लावाच, कारण बटण दाबतानाचा धक्का फोन मोजतो आणि हातातच धरलं आहे असं समजतो.

रात्र ९
ही रात्र वाया जायची होती. टेलिफोटोची, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या दुसऱ्या कॅमेऱ्याची, अख्खी मालिका काढली, आणि मग एक्झिफमध्ये फोकल लेंग्थ दिसली मुख्य कॅमेऱ्याची. खात्री करायला टेलिफोटोच्या भिंगावर बोट ठेवलं. स्क्रीनवरचं चित्र जसंच्या तसं. उजेड कमी पडला की फोन लहान ॲपर्चरचा टेलिफोटो बाजूला ठेवतो आणि मुख्य कॅमेऱ्याच्या मधला तुकडा कापून मोठा करतो. निर्णय चुकीचा नाही, मुख्य सेन्सरला प्रकाश बराच जास्त मिळतो. पण मला हे कळायला हवं होतं. तुमच्या फोनवर बोटाची चाचणी करून बघा, दहा सेकंदांचं काम आहे.

रात्र १०
छोटी नोंद. लॅम्पऐवजी स्वस्तातला एलईडी लावून शटर १/१२५ ठेवलं तर फोटोत पट्टे. वीज ५० हर्ट्झची असेल तर असा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. १/१०० किंवा १/५० वर पट्टे गेले. जिथे ६० हर्ट्झ आहे तिथे १/१२० किंवा १/६० घ्या.

रात्र ११
आज फक्त आकडे ताडून पाहिले आणि पुढची तयारी केली. टेबल आता पुरे, अमावस्येच्या सुमारास तारे काढायचे आहेत. गूगलच्या पिक्सेल ४ फोनने २०१९ मध्ये १६ सेकंदांच्या १५ फ्रेम, म्हणजे एकूण चार मिनिटांचं एक्स्पोजर आणलं. चार मिनिटांत आकाश एक अंश फिरतं, त्यामुळे एकच लांब फ्रेम घेतली तर ताऱ्यांच्या रेघा होतात. मी १० सेकंदांच्या २४ फ्रेम घेऊन स्वतः जुळवणार आहे, आणि क्षितिजावर एखादं झाड मुद्दाम ठेवणार आहे. तारे जुळवले की झाड पुसट होणार, झाड जुळवलं की तारे. दोन्ही वेगवेगळे जुळवून एकत्र करता येतात का, ते बघू. रॉ फाइलींसाठी फोनमध्ये जागा मोकळी केली आहे, ट्रायपॉडचा ढिला स्क्रू आवळला आहे. आभाळ निरभ्र मिळालं की पुढची नोंद.