माकड वहीतलं, माकड माडावरचं

आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात माकडं कोणी मोजत नाही, नारळ मोजतात. पाडेली माडावरून उतरला की आधी धड नारळांचा हिशेब होतो, मग माकडांनी पोखरलेल्या आडसरांचा, आणि हा दुसरा हिशेब शिव्यांसकट होतो. अशा घरातल्या माणसाने जगभर फिरून माकडांची यादी करावी, हे माझ्या वहिनीला अजून पचलेलं नाही. लोक बोटीवरून परफ्युम आणतात, कॅमेरे आणतात, आमच्या भावजींनी वही आणली, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

मी तारवटी, म्हणजे बोटीवरचा खलाशी. उमेद सगळी इंजिन रूममध्ये गेली. बोट बंदराला लागली की बाकीचे बाजार गाठायचे आणि मी टॅक्सीवाल्याला विचारायचो, इथे माकडं कुठे दिसतील? पक्ष्यांच्या याद्या ठेवणारे पैशाला पासरी सापडतात. माकडं, लेमूर, गोरिला हे सगळे ज्यात येतात त्या नरवानर गणाच्या याद्या ठेवणारे त्या मानाने थोडे. रसेल मिटरमायर हा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ या छंदाचा मोठा पुरस्कर्ता. पक्षी बघायला लोक जातात तसे माकडं बघायला जाऊ लागले, तर जंगलाकाठच्या गावांना जंगल राखणं परवडेल, असा त्याचा हिशेब.

जगात पक्ष्यांच्या जाती अकरा हजारांच्या घरात, नरवानरांच्या पाचशेच्या थोड्या वर. म्हणजे ही यादी पुरी होईल असं वाटतं, आणि माणूस तिथेच फसतो. एकट्या मादागास्करात लेमूरांच्या शंभरावर जाती आहेत, आणि लेमूर आपल्या मूळ रानात पाहायचे तर तिथेच जावं लागतं. त्यातला इंद्री, जो पहाटे अख्खं रान दणाणून सोडतो, तो पिंजऱ्यात जगतच नाही.

माझी यादी बंदरांच्या कडेकडेने वाढली, त्यामुळे तिला मोठमोठी भगदाडं आहेत. गोरिला तीत नाही. रवांडाला समुद्र नाही हे एक कारण, आणि गोरिलांसोबत तासभर घालवायचे दीड हजार डॉलर पडतात हे दुसरं. ज्या घरात माकडं कौलं फोडून फुकट दर्शन देतात, त्या घरच्या माणसाचा एवढ्या रकमेला हात पुढे होत नाही.

पण खरं सांगायचं तर यादीपेक्षा तिचे नियम जास्त रंगतदार असतात. प्राणिसंग्रहालयातलं चालत नाही, इथवर सगळ्यांचं एकमत. पुढे मात्र ज्याचा त्याचा धर्म. काहीजण पहिल्या क्रमांकावर माणूस लिहितात. मी लिहीत नाही. इंजिन रूममध्ये तो फार जवळून पाहिला आहे.

जिब्राल्टरचंच घ्या. तिथल्या खडकावरची बिनशेपटीची बार्बरी माकडं ही युरोपातली एकमेव मोकळी माकडं. पण त्यांचं मूळ समुद्रापलीकडे, उत्तर आफ्रिकेत. ही माकडं खडकावर आहेत तोवर इंग्रजांचं राज्य राहील अशी तिथे समजूत. दुसऱ्या महायुद्धात ती अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली, तेव्हा चर्चिलने आफ्रिकेतून आणखी आणवली. आज त्यांना सरकारी खर्चाने फळं-भाजी मिळते. आता याला रानटी म्हणायचं की पेन्शनर? मी नावापुढे प्रश्नचिन्ह घातलं. पुढे कासाब्लांकाला बोट दुरुस्तीसाठी अडकली, तेव्हा बस पकडून अझरूच्या देवदार रानात गेलो. तिथे तीच जात, कोणाच्या पगारावर नसलेली, थंडीत पिल्लं पोटाशी धरून बसली होती. प्रश्नचिन्ह खोडलं. ते खोडण्याचा आनंद नवीन नाव लिहिण्याहून मोठा होता.

बार्बाडोसची हिरवी माकडं पश्चिम आफ्रिकेची, सतराव्या शतकात जहाजांतून तिथे पोहोचलेली. मॉरिशसची लांबशेपटी माकडंही अशीच जहाजाने आलेली, मूळची आग्नेय आशियातली. म्हणजे तीही एका अर्थी तारवटी. व्यवसायबंधू म्हणून मी त्यांना वहीत जागा दिली, पण शेवटच्या पानावर, वेगळ्या रकान्यात.

रिओत तर यजमान आणि उपरे यांचा पुरता घोळ आहे. शुगरलोफ डोंगराच्या पायथ्याशी कानांवर पांढरे झुपके असलेली चिमुकली मार्मोसेट माकडं पर्यटकांच्या खांद्यावर चढतात. ती ईशान्य ब्राझीलची, माणसांनी आणून सोडलेली. रिओ राज्याचा अस्सल भूमिपुत्र वेगळाच, तो सोनेरी सिंह-टॅमरिन. वजन जेमतेम अर्धा-पाऊण किलो, आयाळ मात्र सिंहाची. 1970च्या दशकात तो रानात दोनशेच्या आसपास उरला होता. प्राणिसंग्रहालयांत जन्मलेली टॅमरिनं रानात सोडली, कुरणांमुळे तुटलेली जंगलं झाडं लावून पुन्हा जोडली, आणि 2023च्या गणनेत आकडा चार हजार आठशेवर गेला. पिंजऱ्यातलं चालत नाही या आमच्या सोवळ्या नियमाची इथे पंचाईत होते, कारण आजची कितीतरी टॅमरिनं त्या पिंजऱ्यातल्यांचीच नातवंडं-पतवंडं. मी पाहिलं ते फांदीवरच्या रानअननसाच्या झुबक्यात हात घालून किडे शोधत होतं. मी मुकाट्याने टिक केली. त्याच्या आजीची चौकशी केली नाही.

आणि कधी कधी जागचं न हलता यादी वाढते. पूर्वी गोव्यापासून हिमालयापर्यंतचं काळतोंडं वांदर म्हणजे सगळं एकच, हनुमान लंगूर. 2001 साली कॉलिन ग्रोव्ह्ज या वर्गीकरणकाराने त्याच्या सात जाती केल्या. आमच्या कुळागरातलं वांदर काळ्या पायांचं, त्याची जात वेगळी. नागपूरच्या वाटेवर पाहिलेलं वेगळं. मदुराईकडचं, डोक्यावर तुरा असलेलं, आणखी वेगळं. या सातांवर शास्त्रज्ञांचे वाद अजून चालू आहेत, पण माझ्या एका ओळीच्या तीन ओळी झाल्या. रजेवर होतो, आरामखुर्चीत होतो. वहिनी म्हणाली, तेवढ्यात जरा सुपारी तरी वाळत घालायची होती.

ही वही घेऊन गोव्याकडे बघितलं तर सगळा कारभार तीन ओळींत आटोपतो. माकड, वांदर, आणि रात्री बशीएवढे डोळे करून फांदीवरून सावकाश सरकणारी लाजवंती, म्हणजे लोरिस. तिच्यासाठी लाल काचेचा टॉर्च घेऊन काणकोणच्या बाजूला, खोतीगावच्या रानाकाठी फिरावं लागतं. माकडासाठी मात्र कुठेच जावं लागत नाही. खिडकी उघडी टाकली की पुरे.

मध्यंतरी एक डच जोडपं आमच्याकडे उतरलं होतं. दोघंही यादीवाले. तांबडी सुर्लाच्या देवळाकडे त्यांना माकडांचा कळप भेटला आणि बाई अक्षरशः टाळ्या पिटायला लागल्या. का नाही पिटणार? डोक्यावर मधोमध भांग पाडून टोपी चढवल्यासारखे केस असलेलं हे माकड दक्षिण भारत सोडून जगात कुठे नाही. इतक्या दुरून ते त्याच्यासाठी आले होते. परत आल्यावर त्यांना आमच्याच माडावर आणखी चार दिसली, परत टाळ्या. वहिनी पडवीतून बघत होती. मला म्हणाली, "भावजी, आनी नाल्लांचे पयशे कोण दितलो?" त्या बाईंनी भाषांतर विचारलं. मी सांगितलं, वहिनींनाही आनंद झालाय.

याद्या काय, आम्हीच ठेवतो असं नाही. 2016 साली गोव्यात उपद्रवी जनावरांच्या यादीचा विषय निघाला, तीत माकड, रानडुक्कर, गवा यांच्यासोबत मोराचं नाव आलं. गदारोळ झाला तो मोरावरून. माकडाच्या बाजूने कोणी ब्र काढल्याचं मला आठवत नाही. दुसरी यादी आंतरराष्ट्रीय, धोक्यातल्या जातींची लाल यादी. तीत हेच टोपीवालं माकड आज ‘असुरक्षित’ या वर्गात आहे. हे वहिनीला सांगितलं तेव्हा तिने कौलांकडे बोट दाखवलं आणि विचारलं, असुरक्षित कोण?

पण माकडाला असुरक्षित म्हणण्याचं कारण खरं आहे. उत्तरेकडचं आखूड शेपटीचं, लालसर ढुंगणाचं ऱ्हीसस माकड खाली सरकतंय. पूर्वी पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरी ही ढोबळ हद्द मानत. ऱ्हीससने ती केव्हाच ओलांडली आणि बऱ्याच ठिकाणी टोपीवाल्याला हुसकावलं. काही आपल्या पायांनी आली, काही माणसांनी एका शहरात पकडून ट्रकने दुसरीकडे नेऊन सोडली. त्यात पुन्हा रस्त्याकाठची वडाची झाडं रुंदीकरणात जातात, आणि हायवेकाठचे टोपीवाल्यांचे कळप त्याच झाडांवर राहायचे.

त्यामुळे हल्ली घाटावर जाताना गाडी थांबवून मी माकडांच्या शेपट्या बघतो. लांब आहे का, डोक्यावर भांग आहे का. ड्रायव्हर वैतागतो. उद्या चोर्ल्याच्या वळणावर एखादं आखूड शेपटीचं दिसलं, तर गोव्याच्या पानावर चौथी ओळ येईल. ती ओळ मला नको आहे. अजून तरी सगळ्या शेपट्या लांब आहेत. घरी आल्यावर वहिनीला तसं सांगितलं, तर ती म्हणाली, आखूड शेपटीचं आलं तर ते नारळ कमी खातं का, एवढं तेवढं बघून ठेवा.