जेट लायटरची नोंद, जून ते डिसेंबर

जूनमध्ये सिगारसाठी एका जेटचा, म्हणजे जोरदार टोकदार ज्योत सोडणारं एकच तोंड असलेला, लायटर घेतला. तीन जेटचा मुद्दाम टाळला: तो सिगारचं टोक शेकण्याऐवजी करपवतो आणि टाकी बघता बघता रिकामी करतो. घेताना दोनच गोष्टी पाहिल्या. गॅस किती उरलाय ते दिसणारी खिडकी, आणि तळाशी ज्योत कमी-जास्त करायचा मोठा स्क्रू. वातीचा लायटर घरात होता, पण त्याच्या इंधनाचा वास पहिल्या झुरक्यांतच तंबाखूत उतरतो.

ऑगस्टमध्ये त्रास सुरू झाला. खिडकीत गॅस दिसायचा, तरी दहा वेळा खटका दाबावा तेव्हा एकदा पेटायचा. ठिणगीवर संशय होता म्हणून टाकी रिकामी करून अंधारात खटका दाबून पाहिला. निळी ठिणगी तारेच्या टोकावरून थेट जेटच्या तोंडावर उडत होती. म्हणजे पिएझो, ठिणगी पाडणारा भाग, ठणठणीत. दोष माझ्या भरण्यात होता: दोन महिने मी उरलेल्या गॅसवरच नवा गॅस भरत होतो, आणि प्रत्येक वेळी आत हवा कोंडत होती.

तेव्हापासून भरण्याआधी हवा काढतोच. स्क्रू उणे खुणेकडे पूर्ण फिरवायचा, लायटर उलटा धरायचा आणि बारीक पेचकसाने तळाचा, गॅस भरायचा व्हॉल्व्ह दाबून ठेवायचा, फुसफुस थांबेपर्यंत. हे गॅलरीत, उघड्यावर; लायटरमधला गॅस, ब्युटेन, हवेपेक्षा जड, बंद खोलीत जमिनीलगत साचतो. आजूबाजूला दिवा, उदबत्तीही नको. गॅस उडताना लायटर इतका गार पडतो, की पावसाळ्यात तळाशी दव धरतं. ते पुसायचं आणि लगेच भरायचं, कारण गार टाकीत गॅस झटकन उतरतो. डबा लायटरवर उलटा, सरळ उभ्या रेषेत धरून पाच सेकंद एकदाच दाबायचा. मग दहा मिनिटं थांबून पेटवायचा.

गॅसचे दोन डबे पांढऱ्या कागदावर फवारून तपासले. एकाचा मागमूस राहिला नाही, दुसऱ्याने तेलकट वर्तुळ सोडलं. तेच तेल जेटच्या सुईएवढ्या भोकात साठतं, म्हणून तो डबा बाद. महिन्यातून एकदा ब्लोअरने जेटवर हवा मारतो, तेवढं पुरतं.

डिसेंबरात महाबळेश्वरला पहाटे पुन्हा अडला, पण या वेळी कारण थंडी. ब्युटेन उणे ०.५ अंशाला उकळतो. टाकीतला दाब ३० अंशांना सुमारे २.८ बार (बार हे दाबाचं माप) असतो, १० अंशांना १.५ बारच. बाहेरच्या हवेचा १ बार वजा केला तर जेटला रेटायला उरतं ते अर्ध्या बारच्या आसपास. लायटर दोन मिनिटं मुठीत धरला, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला, आणि दुसऱ्या खटक्याला पेटला.