पावसात हवा कमी करू नका: पुणे ते गुहागर, जुलैमधला अनुभव

ताम्हिणी नीट पार पडला, गुहागरचे दोन दिवस मजेत गेले. लिहायचंय ते माणगाव ते महाड या पट्ट्याबद्दल.

निघायच्या आदल्या दिवशी टायरवाल्याने सांगितलं, १८५/६५ आर१५ (म्हणजे १८५ मिमी रुंद) काढा, २०५/६५ घाला, रुंद टायरला पकड जास्त. आणि पावसात हवा २४च (पीएसआय) ठेवा. मी दोन्ही ऐकलं. वर नायट्रोजनचे चाकामागे ५० रुपये घेतले. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. देऊ नका.

माणगाव सोडल्यावर सरळ काँक्रीट, काटा ८०वर, पुढे साचलेलं पाणी. त्यात शिरलो आणि स्टिअरिंग हातात नुसतं फिरायला लागलं. गाडी दुभाजकाकडे सरकत होती आणि मागे आई बसली होती. ब्रेकला हात-पाय न लावता फक्त ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं, तेव्हा कुठे चाकं पुन्हा टेकली.

हे का झालं? भरलेली गाडी १४०० किलो धरली, तर नेहमीच्या ३३ हवेला एकेक टायर पसरलेल्या पंजाएवढाच रस्त्याला टेकतो. टायर रुंद केला म्हणून हा तुकडा वाढत नाही, आडवा होतो, आणि त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. हवा कमी केली की तुकडा वाढतो खरा, पण मधला भाग दबत नाही. खोल पाण्यात गाडी किती वेगाला तरंगते याचं नासाने १९६३ साली दिलेलं सूत्र आहे. त्यानुसार ३३ हवेला साधारण ९६ चा वेग येतो, २४ ला फक्त ८२. शिवाय मोठ्या टायरमुळे काटा आधीपेक्षा चार टक्के कमी दाखवत होता, म्हणजे त्याच ८०ला गाडी आधीपेक्षा जोरात जात होती.

चिपळूणला पंपाच्या छताखाली टायर पुसून त्यावर खडूची आडवी रेघ मारली, गाडी थोडी पुढे घेतली. दोन्ही कडांची रेघ पुसली गेली, मधली तशीच. ३३ भरल्यावर सगळी सारखी पुसली.

ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर आकडा असतो, माणसं-सामान भरलं असेल तर त्यातला पूर्ण भाराचा घ्या. हवा सकाळी, टायर गार असताना मोजा. गरम टायरचा आकडा तीन-चारने जास्त आला तरी हवा सोडू नका. मापक स्वतःचा ठेवा. आणि महाडपर्यंत पाणी दिसलं की ६०च्या वर जाऊ नका, टायर नवे असले तरी.

टायरवाला नवे टायर परत घ्यायला तयार नाही. तरी या रविवारी जुनेच परत बसवतोय, बटण (टायरवरची नक्षी) अजून चांगलं आहे त्यांचं.