घराच्या सवयी पाहुण्याला माहीत नसतात

आई गेल्यावर खालच्या दोन खोल्या आठ महिने बंदच होत्या. दर रविवारी मी खाली जायचे, खिडक्या उघडायचे, तासाभराने लावून परत वर यायचे. वापर नसलेल्या घराला एक कोंदट वास धरतो, तो मला सहन होत नव्हता. दादा म्हणाला, भाडेकरू ठेव. पण सुट्टीत त्याची मुलं आली की राहायला त्यांना त्याच खोल्या लागतात, आणि कायमच्या बिऱ्हाडाला दोन आठवडे बाहेर काढता येत नाही. म्हणून मी सुट्टीवर येणाऱ्यांना दोन-चार रात्रींसाठी खोल्या द्यायचं ठरवलं. त्याला आता दीड वर्ष झालं. ओळखीतल्या तिघीचौघी सध्या हेच करायच्या विचारात आहेत आणि प्रत्येक जण सुरुवात कुठून करू म्हणून विचारते. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते.

सुरुवात स्वतः तिथे एक रात्र झोपून करा. मी बॅग भरली, रात्री साडेनऊला फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले आणि हे घर आपण पहिल्यांदाच बघतोय असं मानून आत शिरले. सकाळपर्यंत वहीत एकोणीस गोष्टी लिहून झाल्या होत्या. पलंगाजवळ फोन चार्जिंगला लावायला प्लग नव्हता. दिवा बंद करून अंधारात चाचपडत पलंगापर्यंत यावं लागत होतं. न्हाणीघरात ओला टॉवेल टाकायला जागा नव्हती. पडद्याच्या फटीतून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड बरोबर उशीवर पडत होता.

तरीही माझ्याकडून बरंच सुटलं, कारण मी त्या घरात वाढले. दाराची किल्ली फिरवण्याआधी दार जरा स्वतःकडे ओढावं लागतं, हे माझ्या हाताला ठाऊक आहे, त्यामुळे ते डोक्यात येतच नाही. मग मुलीच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीला एक रात्र राहायला बोलावलं. तिला फक्त पत्ता आणि किल्लीची जागा सांगितली आणि मी वरच्या खिडकीत बसले. ती अकरा मिनिटं दाराशी झटत होती. खाली धावत जावंसं वाटत होतं, पण मी मुद्दाम थांबले. तिने सकाळी मला आणखी बारा गोष्टी सांगितल्या. गरम पाण्याचा नळ उजवीकडे आहे, फ्रीजच्या बटणाच्या शेजारीच पंप सुरू करायचं बटण आहे, मागच्या दाराला आतून दोन कड्या आहेत आणि खालची दिसतच नाही. आईने चाळीस वर्षं ज्या घरात डोळे मिटून वावर केला, ते घर परक्या माणसाला किती अवघड जातं हे मला त्या दिवशी कळलं.

त्याच वहीतून पुढे पाहुण्यांसाठीची माहितीवही तयार झाली. वायफायचा पासवर्ड, गीझर, कचरा, कुलूप, प्रत्येक गोष्टीला एक पान आणि शेजारी फोटो. वाक्यं छोटी ठेवा, कारण प्रवासाने दमलेला माणूस परिच्छेद वाचत बसत नाही.

आता नियमांविषयी. हा भाग कंटाळवाणा आहे, पण फोटो काढण्याच्याही आधी उरका. तुम्ही राहता तिथे अशा भाड्याला परवानगी आहे का, नोंदणी करावी लागते का, इमारतीतल्या इतर बिऱ्हाडांचं किंवा घरमालकाचं काय म्हणणं आहे, हे सगळं लेखी घ्या. गावोगावी नियम फार वेगळे आहेत. ॲमस्टरडॅममध्ये आपलं राहतं घर वर्षात जास्तीत जास्त ३० रात्री देता येतं. लंडनमध्ये वेगळी परवानगी नसेल तर ९० रात्रींची मर्यादा आहे. जपानमध्ये २०१८ मध्ये लागू झालेल्या कायद्याने वर्षाला १८० दिवस ठरवले. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून कडक अंमलबजावणी सुरू झाली. तिथे ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी जागा द्यायची तर यजमानाने त्याच घरात राहायला हवं आणि पाहुणे दोनच. दुसऱ्या कुणाचं ऐकून पुढे जाऊ नका, आपल्या गावाचा नियम स्वतः वाचा. विम्याचंही तसंच. माझ्या घराच्या विम्यात पैसे देऊन राहणारे पाहुणे बसत नव्हते. आधी विचारलं म्हणून समजलं, आणि वेगळी पॉलिसी घेतली.

सुरक्षिततेत तडजोड करू नका. माझ्याकडे गीझर गॅसवर चालतो. तो नीट जळला नाही तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्या वायूला रंगही नसतो, वासही नसतो. झोपेतला माणूस उठतच नाही. म्हणून गीझर तपासून घेतला, त्या वायूचा इशारा देणारं यंत्र बसवलं, धुराचं वेगळं बसवलं, आग विझवायचं सिलिंडर स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलं. दर महिन्याच्या पहिल्या दिवशी दोन्ही यंत्रांची बटणं दाबून आवाज होतो का ते बघते. घरात कॅमेरा लावायचा विचारही करू नका. एअरबीएनबी या पाहुण्यांना घरं मिळवून देणाऱ्या साइटने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत कॅमेऱ्यांना पूर्ण बंदी घातली आहे. ती बंदी नसती तरी मी लावला नसता. आपल्या छपराखाली झोपलेल्या माणसावर नजर ठेवणं मला पटत नाही.

खरं कष्टाचं काम साफसफाईचं आहे, आणि त्याचा अंदाज नव्या माणसाला येत नाही. पहिल्यांदा मला साडेचार तास लागले. पाहुणे अकराला गेले, पुढचे तीनला येणार, आणि पावणेतीनला मी अजून फरशी पुसत होते. आता कामाला येणाऱ्या ताई आणि मी मिळून दीड-दोन तासांत आवरतो. ताईंनीच क्रम लावून दिला. आत पाऊल टाकताच सगळ्या खिडक्या उघडायच्या, मग चादरी काढून मशीनला लावायच्या, म्हणजे आपण काम करतो तोवर कपडे धुऊन होतात. मग पंख्यापासून खाली येत झाडलोट, न्हाणीघर, आणि फरशी दाराकडे येत सगळ्यात शेवटी. आवरून झालं की मी पलंगावर आडवी होऊन छताकडे बघते. उभं राहून न दिसलेली कोळिष्टकं तेव्हा दिसतात.

प्रत्येक पलंगाला चादरी-अभ्र्यांचे तीन संच हवेत: एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. मी आधी दोन घेतले होते, आणि सलग पाऊस लागला तेव्हा ओल्या चादरी इस्त्रीने वाळवत बसावं लागलं. रंग पांढरा घ्या. डाग लगेच दिसतो, ब्लीच चालतं, आणि एखादा अभ्रा फाटला तर तसाच दुसरा मिळतो. गादीवर पाणी न झिरपणारं आवरण घाला. आणि दर वेळी गादीच्या शिवणी उचकटून बघा. तिथे बारीक काळे ठिपके दिसले तर ते ढेकणांचे असू शकतात. ढेकूण कुणाच्याही बॅगेतून येतात, त्यात पाहुण्याच्या स्वच्छतेचा संबंध नाही, म्हणून कुणावर ठपका ठेवू नका. लवकर सापडले तर एका खोलीत आवरतात. चादरी मी ६० अंशांच्या पाण्यात धुते.

दराबद्दल थोडक्यात सांगते. एक रात्र राहिलेल्या आणि पाच रात्री राहिलेल्या पाहुण्यामागे साफसफाई तेवढीच लागते. म्हणून मी किमान दोन रात्रींची अट ठेवली. साइटचं कमिशन, धुलाई, वीज, कर हे सगळं वजा करून हाती काय उरतं ते आधी कागदावर मांडा. पहिले काही महिने दर जरा कमी ठेवा, कारण रिव्ह्यू नसलेल्या घरात यायला लोक कचरतात.

माझी सगळ्यात मोठी चूक म्हणजे मी पहिल्याच महिन्यात दोन साइटवर नाव नोंदवलं. दोन्हीकडची कॅलेंडरं एकमेकांना जोडलेली होती, पण अशा जोडणीत नोंद त्याच क्षणी पोचत नाही, मधे काही तास जाऊ शकतात. त्या काही तासांत एकाच शनिवारसाठी दोन कुटुंबांनी बुकिंग केलं. दुसऱ्या कुटुंबाला मी स्वतः फोन केला, चूक कबूल केली, आणि ओळखीच्या एकीकडे त्यांची सोय करून दिली. वरचा फरक मी भरला. त्या बाईंचा आवाज अजून आठवतो, त्यांच्या वडिलांची पंच्याहत्तरी होती. यजमानाने बुकिंग रद्द करणं साइटवाल्यांनाही चालत नाही. एअरबीएनबीवर सुपरहोस्ट, म्हणजे चांगल्या यजमानाला साइट देते ते बिरुद, मिळवायचं तर सरासरी ४.८ गुण, ९० टक्के संदेशांना वेळेत उत्तर आणि रद्द करण्याचं प्रमाण १ टक्क्याच्या आत लागतं. पण मला त्या बिरुदापेक्षा ती पंच्याहत्तरीच जास्त लागून राहिली. वर्षभर मी एकच साइट ठेवली.

लिस्टिंगमध्ये, म्हणजे साइटवरच्या आपल्या घराच्या पानावर, उणं असेल ते सगळं लिहा. माझ्या घरामागे शाळा आहे आणि सकाळी सातला घंटा होते. दाराला तीन पायऱ्या आहेत, कठडा नाही. हे मी फोटोंच्या खालीच लिहिलं. ज्याला सकाळी झोप हवी तो येत नाही, आणि त्याने न आलेलंच दोघांनाही बरं. एअरबीएनबीवर दोन्ही बाजूंना रिव्ह्यू लिहायला १४ दिवस मिळतात, आणि दोघांचं लिहून होईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत एकमेकांचं वाचता येत नाही. त्यामुळे लोक बऱ्यापैकी मोकळेपणाने लिहितात. त्यातली प्रत्येक तक्रार मी वहीत उतरवते.

पहिले खरे पाहुणे सत्तरीच्या घरातलं जोडपं होतं. रात्री दहा वाजता त्यांचा फोन आला की सगळे दिवे गेले. इस्त्री आणि गीझर एकदम लावल्यावर खालचा स्विच ट्रिप होतो, हे आम्हाला इतकं सवयीचं की आमच्या एकतीस गोष्टींत ते नव्हतंच. मी खाली जाऊन स्विच वर केला. आजोबा म्हणाले, "पेटी कुठंय ते दाखवून ठेवा, पुन्हा तुम्हाला जिना उतरायला लावणार नाही." दुसऱ्या दिवशी वहीत पेटीचा फोटो लागला, आणि पुढच्या महिन्यात वायरमनला बोलावून गीझरची लाइन वेगळी करून घेतली. दाराचं कुलूपही बदललं. किल्ली आता सहज फिरते, माझा हात मात्र अजून आधी दार ओढतो.

येत्या शुक्रवारी एक कुटुंब येतंय. त्यांचं बाळ नुकतंच रांगायला लागलंय असं त्यांनी कळवलं आहे. उद्या दुपारी मी जमिनीवर बसून, गुडघ्यांवर चालून दोन्ही खोल्या बघणार आहे. प्लगना झाकणं आणून ठेवली आहेत. टेबलाचे कोपरे आणि पडद्याच्या दोऱ्या तेवढ्या राहिल्या आहेत.