नाल्याच्या चढावर

मेळघाटात धारणी तालुक्यातल्या पाड्यांवर फिरणाऱ्या आरोग्य पथकाची थार जीप मी गेली नऊ वर्षे चालवतो आहे. ऑगस्टमधल्या त्या दिवशी सकाळी आम्ही लसीकरणासाठी डांबरी रस्त्यापासून चार किलोमीटर आत असलेल्या एका कोरकू पाड्यावर गेलो होतो. वाटेत सिपना नदीला जाऊन मिळणारा एक नाला लागतो. सकाळी त्यात घोटाभर पाणी होते, मातीही बऱ्यापैकी आवळलेली होती, आणि मी फोर हायमध्येच, म्हणजे चारही चाकांना जोर पण गिअर नेहमीच्या वेगाचे ठेवून, सहज पार झालो. दुपारी मात्र दीड तास मुसळधार पाऊस पडला, आणि नेमक्या त्याच वेळी पाड्यातल्या एका गरोदर बाईला कळा सुरू होऊन रक्तस्राव होऊ लागला. सिस्टरांनी तपासले आणि धारणीच्या रुग्णालयात ताबडतोब नेले पाहिजे, असे सांगितले.

जीपमध्ये ती बाई, तिची सासू, तिचा भाऊ, आशाताई, सिस्टर आणि मी, अशी सहा माणसे झाली. नाल्याचे पाणी फारसे चढले नव्हते, पण पलीकडचा चढ पूर्ण भिजून चिखलाचा झाला होता. इथे मी चूक केली. सकाळचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवून मी पुन्हा फोर हायमध्येच, पहिल्या गिअरमध्ये, चढाला गाडी घातली. सकाळी गाडी रिकामी आणि वाट कोरडी होती, याचा विचार घाईत सुटला. चढाच्या मध्यावर इंजिनाचा जोर तुटू लागला, म्हणून मी क्लच अर्धा दाबून गाडी ओढत राहिलो. काही क्षणांतच क्लच जळल्याचा वास आला आणि इंजिन बंद पडले.

लो रेंजचे, म्हणजे फोर लोचे, काम तिथे होते. गिअरबॉक्समधून निघालेली गती ट्रान्सफर केसमधल्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीतल्या, आणखी एका गिअरच्या जोडीतून जाते, आणि चाके तितकी सावकाश पण तितक्याच जास्त जोराने फिरतात. मारुती जिप्सीमध्ये हा फरक सुमारे १.६ पट असतो, आमच्या थारमध्ये २.४८ पट. म्हणजे त्याच पहिल्या गिअरमध्ये, तेवढ्याच इंजिनावर, चाकांना अडीच पटीच्या जवळपास जोर मिळतो आणि अर्ध्या क्लचचा आधार घेण्याची वेळच येत नाही. टू हायमधून, म्हणजे फक्त मागच्या चाकांना जोर असताना, फोर हायमध्ये चालत्या गाडीतही जाता येते. फोर लोसाठी मात्र गाडी थांबलेली असावी लागते. मी घाबरून ब्रेक किंचित सोडला, गाडी मागे घसरत असतानाच ट्रान्सफर केसचा लिव्हर खाली ओढला आणि दात दातांवर घासल्याचा जो कर्कश आवाज झाला, तो ऐकून सासूबाईंनी सुनेला घट्ट धरले.

ब्रेक पुन्हा पूर्ण दाबल्यावर मला खरी अडचण दिसली. फोर हाय आणि फोर लो यांच्या मध्ये न्यूट्रल असते. लिव्हर तिथून जात असताना इंजिन आणि चाके यांचा संबंधच तुटतो, त्यामुळे मुख्य गिअर टाकलेला असला तरी तो गाडीला धरून ठेवत नाही. ब्रेकवरून पाय निसटला असता, तर सहाही माणसांसह गाडी नाल्यात गेली असती. मी हँडब्रेक ओढला, पायाचा ब्रेक तसाच दाबून ठेवला आणि बाईच्या भावाला खाली उतरवून मागच्या दोन्ही चाकांमागे मोठे दगड लावायला सांगितले. त्याने दगड पायाने ठोकून पक्के केले आणि विचारले, "निघन का गाडी, भाऊ?" मी त्याला बाजूला व्हायला सांगितले. मुख्य गिअर न्यूट्रलमध्ये आणला, क्लच तळापर्यंत दाबला, लिव्हर एका दमात फोर लोमध्ये सरकवला. या वेळी तो आवाज न करता बसला. इंजिन सुरू केले, पहिला गिअर टाकला, क्लच पूर्ण सोडला, आणि ॲक्सिलरेटर जेमतेम दाबताच गाडी माणसाच्या चालीने वर चढून गेली. चाक एकदाही जागच्या जागी फिरले नाही.

डांबरी रस्त्याला लागेपर्यंत मी फोर लोमध्येच राहिलो. तिथल्या काटकोनातल्या वळणावरून वर आल्यावर थांबलो. लिव्हर फोर हायपर्यंत आला, पण टू हायमध्ये जाईना. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा लांब वाट कापतात. आमच्या जीपमध्ये पुढच्या-मागच्या धुरांना हा फरक पचवायला मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही धुरांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जोडणी, नाही. चिखलात चाके थोडी घसरतात आणि ताण मोकळा होतो, डांबरावर मात्र तो शाफ्टमध्ये साठतो आणि लिव्हरला जखडून ठेवतो. जोर लावण्याऐवजी मी चाके सरळ केली आणि गाडी दहा-बारा फूट मागे घेतली.

"मांगं काहून चालली गाडी?" सासूबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या. त्यांना समजावण्याइतका वेळ माझ्याकडे नव्हता. लिव्हर खट्दिशी सुटला आणि आम्ही धारणीकडे निघालो. रात्री नऊच्या सुमारास मुलगी झाली आणि दोघीही सुखरूप असल्याचे सिस्टरांनी मला व्हरांड्यात येऊन सांगितले.

दुसऱ्या आठवड्यात परतवाड्याला गिअरबॉक्स उतरवला, तेव्हा मिस्त्रींनी क्लच प्लेट हातात दिली. तिचे अस्तर काळे पडून ठिकठिकाणी तडकले होते. लॉगबुकात प्लेट बदलण्याचे कारण लिहायचे असते. तिथे मी लिहिले: भरलेली गाडी ओल्या चढावर फोर हायमध्ये घातली, चूक चालकाची.